बांधावरचा वाटा

आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खारवडीत दोन कामं व्हायची. घराघरांत पितरांना वाढायचं, आणि ऊन कललं की गावदेवीच्या ओट्यावर बांधाची बैठक भरायची. शहाऐंशी साली पितरं जेवली, पण बैठकीला ओटा निम्माच भरला.

खारवडी म्हणजे मानकोलीवरून अंजूरकडे जाताना खाडीत घुसलेली जमीन. अमावस्या-पुनवेला भरती चढली की खाडीचं पाणी गावच्या शेतापेक्षा माणूसभर उंच उभं राहायचं, आणि मध्ये फक्त चिखलाचा बांध. हा बांध कोणा सरकारनं घातला नव्हता. कोणाकोणाच्या पणज्यांनी खाडीकाठच्या खाजणातून जमीन काढली, बांध घातला आणि घरटी त्याचे वाटे पाडले. पाटलांचा वाटा, सावळारामचा वाटा, धोंडूबाईचा वाटा. ज्याचा वाटा त्यानं तो दर साल चिखल घालून उंच करायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची. पण खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर वाटा कोणाचाही असो, घरटी एक माणूस धावला पाहिजे. जो धावला नाही त्याला त्या साली उघाडीच्या मासळीत हिस्सा नाही. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला खाडी अडवायची, आणि दाराशी जाळं लावून जी मासळी सापडेल ती घरोघर वाटायची.

मुलूख कशाला म्हणतात हे शिकायला खारवडीच्या माणसाला दिल्लीला जावं लागत नव्हतं. शीव होती, ती राखणारी माणसं होती, अंगमेहनतीनं भरायची पट्टी होती, चुकणाऱ्याला दंड होता आणि कारभार ओट्यावर होता. फक्त या मुलखात राहणाऱ्या सगळ्यांचा तो मुलूख नव्हता. गावाच्या दक्षिणेला बौद्धवाड्याची थोडी घरं होती. बांधावर त्यांच्या नावाचा एकही वाटा नव्हता.

बौद्धवाड्यातला लहानू ओट्याखाली उभा होता. त्याला निरोप पाठवून बोलावलं होतं, पण वर बस असं कोणी म्हणालं नव्हतं. तो टेमघरला लूमवर कामाला होता आणि पावसाळ्यात केसरीनाथची बांधाआतली जमीन अर्ध्या पिकाच्या बोलीवर, अर्धेलीनं करायचा. केसरीनाथ बांधाचा कारभारी. सत्तरीला टेकलेला, गुडघ्यापर्यंत लुंगी, डोक्याला रुमाल, पायाच्या टाचा खाऱ्या चिखलानं भेगाळलेल्या.

"लहानू, हिरामणचा वाटा पडून हाय," केसरीनाथ बोलला. "त्यानं जमीन इकली. आता तो बांधावर येत न्हाय. तू आन तुझी बायको घाला चिखल. मजुरी गावाकडनं."

हिरामण म्हणजे पाटलांचा नातू, पाटलांचा वाटा तो हाच. तोही ओट्यावर होता, टेरिकॉटची पँट चुरगळू नये म्हणून कडेला टेकलेला. त्याची जमीन का गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जकात नाका भिवंडीच्या बाजूला होता. नाक्याच्या आत माल नेला की जकात, बाहेर ठेवला की काही नाही. म्हणून व्यापारी गोदामांना जागा नाक्याबाहेर शोधत हिंडत होते, आणि कोणी तरी कधी तरी कागदावर मारलेल्या त्या रेघेमुळे खारवडीच्या खाऱ्या मातीला भाव आला होता.

लहानू म्हणाला, "मजुरी नको, केसरीदादा."

"मंग?"

"वाटा माझ्या नावानं बोला."

ओट्यावर कोणी तरी खाकरलं. कोणी हसलंही. केसरीनाथ हसला नाही.

"वाटा जमिनीमागं असतो, लहानू. तुझी जमीन कुठं हाय?"

"हिरामणशेठची आता कुठं हाय? तरी वाटा त्यांच्याच नावानं. मी तुमच्या जमिनीत राबतो, तिथलं पिकलं तर माझी पोरं जेवतात. खाडी आत आली तर तुमच्याबरोबर मीही बुडतो. बुडायला हाय, तर बोलायला का नको?"

हिरामणनं हात झटकला. "घे रे बाबा, माझा घे. मला काय करायचाय तो चिखल."

जुनी चप्पल पुढे सरकवावी तसं तो बोलला. लहानूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण केसरीनाथच हिरामणवर उखडला.

"देणारा तू कोन? वाटा कोनी कोनाला देत न्हाय. वाटा गाव देतो." मग तो लहानूकडे वळला. "भादव्याची अवस सगळ्यात मोठी भरती. तिथपर्यंत तो वाटा तुझ्या हातानं टिकला, तर बैठक बोलंल. आज काय बोलत न्हाय."

एवढ्यावर बैठक उठली. लहानू ज्या जागी उभा होता तिथूनच घरी परतला.

*

घरी त्याचा बाप कोंडू पडवीत खाटल्यावर बसला होता. डोळे अधू, पण कान तल्लख. सुनेनं, कलावतीनं, चहा पुढे ठेवला होता तो तसाच निवत होता. बातमी लहानूच्या आधी पोचली होती.

"बांध मागून आलास?" कोंडूनं विचारलं.

"हो, बा."

"ज्यातून सुटलो तेच मागून आलास."

कोंडूच्या रागाला कारण होतं आणि ते घरातल्या पोरांनाही पाठ होतं. जुन्या काळी खांड पडली की गावातून ओरडत हाळी द्यायचं काम यांच्या वाड्याचं, आणि फुटल्या बांधात पहिला पाय टाकायचाही मान यांचाच. मान म्हणायचे त्याला. पाणी किती खोल, ओढ किती, हे पहिल्या माणसाच्या अंगावरून बाकीच्यांना कळायचं. कोंडूचा चुलता मोरू असाच पाटलांच्या वाट्यात पहिला उतरला आणि वर आला नाही. भरती ओसरल्यावर गावानं तिथेच चिखल घालून खांड बुजवली. मोरूच्या बायकोला गावानं एक लुगडं दिलं. आणि वाटा पाटलांचा तो पाटलांचाच राहिला.

"छप्पन सालानंतर आमी हाळी सोडली, मेलेली ढोरं ओढायची सोडली, पहिला पाय सोडला," कोंडू म्हणाला. "गावानं दाणा बंद केला, पानी बंद केलं, तरी सोडलं. माझ्या बापाच्या पाठीवर काठ्या बसल्या ते मी बघितलंय. आन तू जाऊन बोलतोस, द्या मला चिखल."

"तेव्हा नुसतं राबायचं होतं, बा. मी हक्कानं मागितला."

"हक्क," कोंडू म्हणाला. त्यानं निवलेला चहा एका घोटात पिऊन कप खाली ठेवला. "ज्या मातीत मोरू हाय, त्या मातीवर त्यांचं नाव हाय. तुझं नाव ते घालतील?"

कलावती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच ती म्हणाली, "न्हाय घातलं तर न्हाय. पन बांध फुटला तर मामा, भात आपलाबी जाईल."

ती तशी फार बोलायची नाही. कोंडू भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि दोन दिवस मुलाशी बोलला नाही.

*

लूमच्या खोलीत बोलायचं तर ओरडावं लागे. सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असे आणि कापसाची बारीक धूळ नाकातोंडात जात असे. लहानूच्या शेजारच्या लूमवर आझमगढचा इद्रीस होता. वर्षातून एकदा तो गावी जायचा. जायचे दिवस जवळ आले की त्याच्या अंगात वेगळीच चपळाई यायची. "मुलुक जा रहा हूँ," तो सगळ्यांना सांगत सुटायचा.

त्या दिवशी वीज गेली आणि सगळे लूम एकदम थांबले. दोघं दाराशी येऊन बसले. इद्रीसनं बिडी पेटवली.

"लहानूभाई, तेरा मुलुक किधर है?"

"इधरच. यहीं खारवडी."

"वो तो रहने का हुआ. मुलुक?"

"वोच मुलुक."

इद्रीसनं मान हलवली. त्याला पटलं नव्हतं. "देख, मेरे गाँव में एक कुआँ है. गिर गया है, पानी भी नहीं है उसमें. मगर सब बोलते हैं, इद्रीस के दादा का कुआँ. मैं यहाँ बीस साल रहूँ, उधर कोई रास्ता पूछेगा तो मेरे दादा का नाम आएगा. उसको मुलुक बोलते हैं. तेरे नाम से उधर क्या है?"

लहानूनं आठवून पाहिलं. खारवडीत शेताला नाव होतं, तळ्याला, चिंचेला, बांधाच्या वाट्यांना नावं होती. बौद्धवाडा तेवढा यांचा, आणि त्याचंही जुनं नाव लोकांच्या जिभेवरून अजून पुरतं गेलं नव्हतं. या परमुलखातल्या माणसाला पडका का होईना, कुवा आहे, आणि आपल्याला काही नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं. वीज आली आणि तो उठून लूमवर गेला.

*

ज्येष्ठाच्या तोंडाला लहानूनं लूमवर रजा टाकली. शेठ कुरकुरला, पण खारवडीची माणसं पावसाळ्याला जातात हे त्यालाही सवयीचं झालं होतं.

बांधाचं काम ओहोटीला. खाडीच्या अंगाला पाणी हटलं की निळसर काळा चिखल उघडा पडतो. तो फावड्यानं विटेसारखा कापायचा. लहानू कापायचा, कलावती उचलायची. घमेल्यात दोन ढेपा बसायच्या, आणि त्या डोक्यावर घेऊन बांधाची निसरडी चढण चढायची. वर ढेप ठेवली की भाताचा पेंढा पसरायचा, पुन्हा ढेप, आणि मग टाचेनं तुडवून बसवायची. हातानं थापलेला चिखल टिकत नाही, टाचेनंच बसावा लागतो. संध्याकाळपर्यंत टाचा हुळहुळून जायच्या आणि खारं पाणी भेगांत शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं.

शेजारी धोंडूबाईचा वाटा. ती म्हातारी विधवा, एकटीच आपल्या वाट्यावर बसून बिळं बुजवायची. तिनं पहिल्या दिवशी यांच्याकडे पाठ केली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच ओरडली, "ए बाय, पेंढा आडवा घाल, उभा काय घालतेस? उभ्यातनं पानी शिरतं." कलावतीनं पेंढा आडवा घातला.

केसरीनाथची बायको राहीबाई दुपारी पाण्याचा हंडा घेऊन यायची. कलावतीला ती वरून पाणी ओतायची आणि कलावती खाली ओंजळ धरून प्यायची. दोघींनाही त्यात नवं काही नव्हतं. राहीबाई जिभेनं गोड होती, पोराबाळांची चौकशी करायची, पण तांब्या हाताबाहेर जाऊ द्यायची नाही.

कोंडू कधी तिकडे फिरकला नाही. फक्त एकदा, लहानू संध्याकाळी अंग धूत असताना, तो म्हणाला, "तिवराच्या खुंट्यापासून खाडीकडच्या अंगाला जरा जास्त भर घाल. तिथं होता तो."

लहानूनं दुसऱ्या दिवशी तिथे जास्त भर घातली. पायाखाली काय आहे याचा विचार आला की टाच जोरात मारवेना, म्हणून ती जागा त्यानं गुडघ्यावर बसून हातांनी आणि नंतर हलक्या पावलानं बसवली.

*

श्रावण बरा गेला. भात पोटरीला आलं. भादव्याच्या अवसेला दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, भरती चढायला लागली. त्यात वारा खाडीचा. लहानू सकाळपासून आपल्या वाट्यावर बसून होता. पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली आलं आणि तिथे डचमळत राहिलं. त्याचा वाटा कोरडा होता.

फुटला तो सावळारामचा. धोंडूबाईचा वाटा एका अंगाला, सावळारामचा दुसऱ्या अंगाला, मध्ये लहानू. सावळारामनं होळीनंतर जमीन विकली होती, आणि गोदामाच्या भरावाला माती पाहिजे म्हणून कोणा ठेकेदाराच्या माणसांनी बांधाच्या आतल्या अंगाचीच माती खरडून नेली होती. बांध बाहेरून धडधाकट दिसत होता. आधी एक बोटभर धार आली, मग घागरीएवढी, आणि लहानू उठून तिथे पोचेपर्यंत बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. पाणी आत उडी मारत होतं. आणि खांडीची कड ढासळत ढासळत लहानूच्या वाट्याकडे सरकत होती.

गावातल्याच कोणी तरी हाळी दिली. माणसं धावत आली, पण पूर्वी घरटी एक यायची तिथे आता मोजकी दहा-बारा. हिरामण लांब सडकेवर मोटारसायकलला पाय लावून उभा होता. सावळाराम भिवंडीत राहायला गेलेला. पेंढ्याचे भारे, कुडाचे तट्टे, बांबू आले. आता कोणी तरी आत उतरून तट्टा छातीनं अडवून धरला पाहिजे, मग दुसरा, मग तिसरा, आणि मागून चिखल.

उतरायला कोणी पुढे झालं नाही. सगळ्यांनी लहानूकडे पाहिलं.

तीस वर्षं मागे गेलेली नजर एका क्षणात पुन्हा तिथे आली होती. ओट्याखाली उभं राहताना लागलं नव्हतं तेवढं लहानूला ते लागलं. कडेवरचा चिखल ढासळत होता, त्याचा वाटा हातभर गेला होता, आत त्याचं अर्धं भात उभं होतं. त्यानं लुंगी खोचली आणि पाय उचलला.

"लहानू."

कोंडू होता. काठी टेकत, नातीच्या खांद्यावर हात ठेवून, तो बांधावर आला होता.

"थांब तिथं. पहिला पाय आपला न्हाय." त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "वाटेकरी म्हणून उतरायचं असंल तर दुसरा उतर, न्हायतर तिसरा उतर. पहिला उतरलास तर तू मोरूच हायस, वाटेकरी न्हायस. बुडू दे भात."

पाणी आत कोसळत होतं. केसरीनाथनं डोक्याचा रुमाल काढून राहीबाईच्या हातात दिला.

"खरं बोलतो कोंडू," तो म्हणाला. "कारभार माझा, तर पाय माझा."

आणि तो म्हातारा खांडीत उतरला. छातीपर्यंत पाणी आलं, तो हेलपाटला, एक पाय सुटला. तेवढ्यात लहानूनं उडी टाकून त्याच्या बगलेत हात घातला. दोघांनी मिळून तट्टा धरला. मग तिसरा उतरला, चौथा उतरला. खांद्याला खांदा लावून ओळ उभी राहिली, आणि पाण्याचा रेटा छातीवर घेत ती तशीच उभी राहिली. वरून बायका ढेपा देत होत्या, धोंडूबाईकडून कलावतीकडे, कलावतीकडून राहीबाईकडे. केसरीनाथचे ओठ निळे पडले तरी तो बाहेर यायला तयार नव्हता. त्याचा श्वास लहानूच्या कानाशी फुरफुरत होता.

"सोडू नको रं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"न्हाय सोडत, दादा."

ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली होती. सावळारामच्या वाट्यालगतचं थोडं भात खारानं गेलं. बाकीचं वाचलं.

*

दसऱ्याला बैठक भरली. लहानू सवयीनं ओट्याखाली उभा राहिला. केसरीनाथला त्या दिवसापासून दम लागायचा. तो बोलला ते थोडंच.

"पाटलांचा वाटा आजपास्नं लहानूचा वाटा. कोनाची हरकत?"

हरकत कोणी घेतली नाही. मनात असेलही एखाद्याच्या, पण त्या दिवशी बांधावर न आलेल्याला तोंड नव्हतं.

"मंग खाली काय उभा? वाटेकरी खाली उभा राहतो का कंदी?"

लहानू ओट्यावर चढला. धोंडूबाईनं सरकून जागा केली. दगड उन्हानं तापलेला होता आणि बसल्यावर काय करायचं असतं ते त्याला कळेना, म्हणून तो हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बसून राहिला.

संध्याकाळी उघाडीच्या मासळीतला हिस्सा त्याच्या घरी आला. थोडी कोळंबी आणि एक जिताडा. कलावतीनं कालवण केलं. कोंडू पाटावर बसला. या घरात जिताडा शिजला नव्हता असं नाही, पण तो विकत घेतलेला असे किंवा कोणी दिलेला. कोंडूनं मासा हळूहळू, काटे चोखून खाल्ला.

"मोरूकाकाला वाढा," तो मधेच म्हणाला.

पितर वाढणं त्या घरात कधीचंच सुटलं होतं. कलावतीनं नवऱ्याकडे पाहिलं. लहानूनं मान हलवली. तिनं एका ताटलीत भात आणि माशाचा तुकडा वाढून पडवीत ठेवला. कोंडू ताटलीकडे बघत बसला, आणि त्याच्या अधू डोळ्यांतून पाणी गळत राहिलं ते त्यानं पुसलं नाही. त्याच थंडीत तो गेला.

पुढची तीन-चार वर्षं लहानूला सुखाची गेली म्हणायला हरकत नाही. इद्रीस मुलुकाहून आला की लहानू त्याला सांगायचा, "अपने नाम का भी है अब." इद्रीस म्हणायचा, "दिखा कभी." दाखवायचं राहून जायचं.

*

मुलूख लढाईत जातो असं आपण पुस्तकात वाचतो. खारवडी लढाईत गेली नाही. ती एकेका सहीनं गेली, आणि सही करणाऱ्या कोणालाही आपण मुलूख देतोय असं वाटलं नाही, आपली जमीन देतोय असंच वाटलं. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही. चिखलात टाचा फोडून घेतलेल्या माणसाला कोणी फरशीचं घर देऊ केलं तर तो नाही कशाला म्हणेल? केसरीनाथ गेला त्याच वर्षी त्याच्या मुलांनी बांधाआतली जमीन विकली. लहानूची अर्धेली संपली. धोंडूबाईला पुतण्यानं मुलुंडला नेलं. गोदामं मुरमाचा भराव टाकून एवढ्या उंच जोत्यावर बांधली, की खाडी आत आली काय आणि न आली काय, त्यांना सारखंच. आणि गोदामांना नको असलेली, विकली गेलेली पण पडून राहिलेली खालची जमीन कोणाचीच नव्हती.

लहानू मात्र दर ज्येष्ठात आपल्या वाट्यावर चिखल घालायचा. आखातीला ओट्यावर जाऊन बसायचा. जमिनी गेल्यावर पहिल्या वर्षी चौघं आले, मग दोघं. पंच्याण्णव साली तो एकटाच बसला. देवळाला नवीन टाइल्स लागल्या होत्या. समोरून ट्रक जात होते. ज्या ओट्यावर चढायला बापजाद्यांना मिळालं नाही, तो सबंध ओटा त्याचा एकट्याचा होता. त्याला तिथे बसवेना. तो उठून घरी आला.

"कुनासाठी घालतोस चिखल?" कलावतीनं विचारलं. "आपलं एक रोप न्हाय आता तिथं."

"वाटा हाय."

"वाटा कशातला?"

त्या सालीही लहानूनं चिखल घातला, आणि ती बडबडत बडबडत त्याच्या ढेपा वाहून देत राहिली.

भादव्याच्या अवसेला भरती आली. दुपारचीच वेळ. धोंडूबाईच्या बेवारस वाट्याला एकाएकी धार लागली. लहानूनं पाहिलं आणि तो गावाकडे पळत सुटला. त्याच्या आज्यानं आधी चाकरी म्हणून दिलेली आणि मग मार खाऊन सोडलेली हाळी त्यानं आपल्या मनानं, वाटेकरी म्हणून दिली.

"खांड पडली हो. धोंडूबाईच्या वाट्याला खांड पडली."

नव्या बंगल्यांच्या खिडक्यांतून टीव्हीचा आवाज येत होता. एक-दोन दारं उघडली. हिरामण व्हरांड्यात खुर्चीवर पेपर वाचत होता. आता तोही थकला होता, पोट सुटलं होतं.

"काय झालं, लहानू?"

"खांड पडली. घमेलं घेऊन या."

हिरामण त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, हे खरं सांगायला हवं. "अरे पन तिथं बुडनार काय हाय आता?" तो म्हणाला, आणि हे त्यानं खरंच विचारलं होतं.

लहानू पुढे गेला. गावाच्या टोकापर्यंत ओरडत गेला आणि ओरडत परत आला. त्याचा आवाज बसला. त्याच्या वाट्यावर कलावती एकटी उभी होती, तो तिच्याजवळ चढला. धोंडूबाईच्या जागी आता खाडी होती, आणि सावळारामचा जुना बुजवलेला भागही दुसऱ्या अंगानं सुटत होता. दोन माणसांनी उतरून काही होण्यासारखं नव्हतं. पाणी दोन्हीकडून आत पसरलं आणि जिथे केसरीनाथचं भात उभं असायचं तिथे ते वाऱ्यानं हलायला लागलं. मध्ये लहानूचा वाटा कोरडा होता, माथ्यावर पेंढ्याच्या काड्यासुद्धा जागच्या जागी.

मागे कोणी तरी धापा टाकत होतं. राहीबाई. हातात गंजकं घमेलं, पदर खोचलेला, पायात मुलानं आणून दिलेल्या रबरी चपला. सडकेकडून पाण्यातून वाट काढत ती आली होती.

"हाळी ऐकली," ती म्हणाली. "पोरं बोलली जाऊ नको. आमच्या घरातनं कुनी आलं न्हाय असं कंदी झालं न्हाय. म्हनून आले."

"उशीर झाला, काकी."

"दिसतंय."

पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. ती बांधाच्या पायथ्याशी उभी राहून चारी बाजूंना बघत होती. जिथे तिचा नवरा उतरला होता ती जागा पाण्याखाली होती. तिच्या घरचा वाटा उघाडीपलीकडे होता, विकला गेला होता आणि आता बुडलाही होता. खारवडीत उभं राहायला तिच्या नावाचं काही उरलं नव्हतं. तिनं घमेलं काखेत घेतलं आणि वर पाहिलं.

"लहानू, बसू का रं तुझ्या वाट्यावर?"

ज्या एका शब्दासाठी लहानूच्या तीन पिढ्या ओट्याखाली उभ्या राहिल्या, तो शब्द आता त्याला द्यायचा होता, आणि काकीवर तो मागायची वेळ यायला नको होती असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं खाली वाकून हात पुढे केला.

"बसा, काकी. वाटेकरी खाली उभा राहत न्हाय."

राहीबाई त्याच्या हाताला धरून वर चढली आणि धाप लागल्यामुळे तिथेच बसली. कलावतीनं तांब्यात पाणी ओतून तिच्यापुढे धरलं. राहीबाईनं तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा करून परत दिला. मग तिघं पाय सोडून बसली. भरती अजून चढत होती.